परदेशी निघण्याआधी गावातलं बँकखातं मार्गी लावा

भुसावळ स्टेशनवर मुंबईची गाडी यायला दहा मिनिटं होती, तेव्हा आईने विचारलं, "पैसा कसा धाडशी रे भाऊ?" दोन वर्षांच्या करारावर मी मस्कतला निघालो होतो. पासपोर्ट, व्हिसा, लोणच्याची बरणी, सगळं बरोबर घेतलं होतं. या प्रश्नाचं उत्तर मात्र नीट ठरवलेलं नव्हतं. "खात्यात टाकीन, नाना काढतील," एवढं म्हणून गाडीत बसलो.

सात महिन्यांनी नानांना जळगावला दवाखान्यात दाखल करावं लागलं. माझ्या बचत खात्यात पैसे होते. पण रिचार्ज न केल्यामुळे भारतातलं सिम बंद पडलं होतं, म्हणून ओटीपी येईना. एटीएम कार्ड माझ्याच पाकिटात, मस्कतमध्ये. घरी सही करून ठेवलेले दोन कोरे चेक होते. त्यातला एक सही जुळत नाही म्हणून परत आला आणि दुसरा वापरायची घरच्यांची हिंमत झाली नाही. शाखेत सांगितलं, खातेदार समोर हवा. शेवटी चुलतभावाने केळीच्या मालाचे नुकतेच आलेले पैसे दवाखान्यात भरले. त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण स्वतःचा पैसा असताना नानांच्या इलाजासाठी दुसऱ्याच्या घामाचा पैसा वापरावा लागला, हे अजून मनाला लागतं.

तेव्हापासून रावेर-यावल पट्ट्यातलं कुणीही पोरगं नोकरीला किंवा शिकायला बाहेर निघालं की मी त्याला हेच सांगतो. तिकडचं खातं कागदपत्रं हातात आली की लवकर निघतं. इकडचं खातं नीट लावायला दीड-दोन महिने लागतात आणि ते काम इथे असतानाच होतं. म्हणून सुरुवात इथूनच करा.

पहिलं काम: आपण कायद्याने कोण होणार, ते ठरवा

"दोनच वर्षांसाठी तर जातोय, परत येणारच आहे, मग मी कसला एनआरआय?" असं जवळपास प्रत्येक जण म्हणतो. मीही म्हणालो होतो. पण परकीय चलनाचा कायदा, म्हणजे १९९९ चा फेमा, तुम्ही किती वर्षांनी परत येणार हे पाहत नाही. नोकरीसाठी किंवा धंद्यासाठी देश सोडला की त्या कायद्याच्या नजरेत तुम्ही निघाल्यापासूनच अनिवासी होता. शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनाही रिझर्व्ह बँक अनिवासीच धरते. मुलीच्या बाळंतपणासाठी पाच महिने अमेरिकेला गेलेले आईवडील मात्र अनिवासी होत नाहीत. त्यांनी खात्याला हात लावायची गरज नाही. फक्त मोबाइल आणि कार्ड चालू राहील एवढं पाहावं.

आयकराचा हिशेब यापेक्षा वेगळा आहे. तिथे १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुम्ही भारतात किती दिवस होतात ते मोजतात. नोकरीसाठी बाहेर गेलेल्यांना १८२ दिवसांची मर्यादा लागते. त्यामुळे डिसेंबरात निघालेला माणूस बँकेच्या दृष्टीने लगेच अनिवासी होतो, पण त्या वर्षाच्या आयकरासाठी तो निवासीच राहू शकतो. या दोन गोष्टींची गल्लत करू नका. बँकेत गेल्यावर फेमा, विवरणपत्र भरताना दिवसांची मोजणी.

दुसरं काम: एनआरओ आणि एनआरई

अनिवासी माणसाला साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते बदलून घ्यायचं असतं. ते बदलून एनआरओ होतं, एनआरई होत नाही. एनआरई खातं वेगळं, नव्याने उघडावं लागतं. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.

एनआरओमध्ये तुमची भारतातली कमाई येते: घरभाडं, शेतीचं उत्पन्न, लाभांश, विम्याचे पैसे. या खात्यातल्या व्याजावर बँक ३० टक्के आणि वर उपकर धरून ३१.२ टक्के टीडीएस कापते. निवासी लोक जो स्वघोषणेचा फॉर्म भरून ही कपात टाळतात, तो अनिवासींना चालत नाही. एकूण उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून परतावा मागता येतो. अनेक देशांशी भारताचा दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. त्या देशाच्या कर खात्याकडून निवासाचा दाखला आणून बँकेला दिला तर कपात कमी दराने होऊ शकते. तरी कपात मुळात एवढी मोठी आहे, म्हणून मोठी ठेव एनआरओत पडू देऊ नये, असं माझं मत आहे.

एनआरईमध्ये परदेशात कमावलेला पैसा येतो. तो रुपयांत राहतो, त्याच्या व्याजावर भारतात आयकर नाही आणि मूळ रक्कम व व्याज कधीही परत बाहेर नेता येतं. एनआरओमधून बाहेर नेताना आर्थिक वर्षात १० लाख डॉलरची मर्यादा आहे, शिवाय कर भरल्याचे कागद लागतात. एनआरईची मुदत ठेव किमान एक वर्षाची असते आणि वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही. गावात कुणी दिलेली रोकड एनआरईत भरता येत नाही. एनआरईतून एनआरओत पैसे सहज जातात, उलट दिशेने नेताना मात्र कागदपत्रांची फेरी लागते. म्हणून मस्कतचा पगार मी कधी एनआरओत टाकला नाही.

तिसरा प्रकार एफसीएनआर ठेवीचा. ती १ ते ५ वर्षांची आणि परकीय चलनातच असते. दोन वर्षांसाठी जाणाऱ्या आणि परत येऊन घर बांधायचं ठरवलेल्या माणसाला तिची गरज सहसा पडत नाही.

खातं कुठे काढायचं, यावर खान्देशात विशेष बोलायला हवं. आपल्याकडे पतसंस्थेत ठेव ठेवायची जुनी सवय आहे आणि अडकलेल्या ठेवींचं दुःखही अनेक घरांनी सोसलं आहे. पतसंस्थेत अनिवासी खातं उघडताच येत नाही आणि तिथल्या ठेवीला ५ लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षणही नसतं. सहकारी बँकांपैकीही रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या मोजक्याच बँका हे काम करतात. तेव्हा राष्ट्रीयीकृत किंवा मोठी खासगी बँक धरा. खातं तालुक्याच्या शाखेत असलं तरी अनिवासी खात्यांचं काम कोणती शाखा पाहते ते आधी विचारा. जळगाव किंवा धुळ्याच्या मुख्य शाखेत हे काम रोजचं असतं. गावातल्या शाखेत कदाचित तुमचा फॉर्म वर्षातला पहिलाच असेल.

कागद, आणि नावाचं स्पेलिंग

पासपोर्ट, व्हिसा किंवा कामाचा परवाना, नोकरीचं करारपत्र, पॅन, फोटो, इथला पत्ता आणि तिकडचा पत्ता, इतके कागद लागतात. शिवाय तुम्ही कोणत्या देशात कर भरणार याचं एक घोषणापत्र असतं. तिकडचा पत्ता निघण्याआधी नसतो, म्हणून इथे असताना फॉर्म समजून घ्या, सह्यांचा नमुना नवा करून द्या आणि कोणता कागद पाठवायचा उरला आहे ते शाखेतल्या माणसाकडून लिहून घ्या. तिकडे गेल्यावर हेच सगळं करायचं तर कागदांवर नोटरी, भारतीय दूतावास किंवा भारतीय बँकेच्या तिथल्या शाखेचा शिक्का आणावा लागतो. त्यासाठी मी दोन दिवसांची रजा आणि त्या दोन दिवसांचा पगार घालवला.

पण खरं घोडं अडतं ते नावात. पासबुकावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. चौधरीच्या इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एका कागदावर आय, तर दुसऱ्यावर वाय. पाटील लिहिताना एका ठिकाणी मधलं नाव वडिलांचं, दुसरीकडे ते गाळलेलं. गावात सगळे ओळखतात, म्हणून यात काही बिघडत नाही. परदेशातून पैसे येतात तेव्हा मात्र नाव जुळलं नाही तर रक्कम थांबते किंवा परत जाते. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच पॅन, आधार आणि बँकेत करून घ्या. हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा, कारण एक कागद दुरुस्त झाल्याशिवाय दुसरा होत नाही.

त्याच भेटीत वारस, म्हणजे नॉमिनी, नोंदवा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत वारस लावता येतात. लग्नाआधी काढलेल्या खात्यावर अजून फक्त आईचं नाव असेल तर बायकोचंही घाला.

घरच्यांच्या हातात पैसा कसा राहील?

या कामाला सर्वांत जास्त वेळ द्या. कोरे चेक सही करून ठेवू नका. ते हरवू शकतात, सही जुळली नाही तर परत येतात, आणि परत येतात ते नेमके अडचणीच्या दिवशी.

सगळ्यात सोपा मार्ग असा की घरखर्चाचे पैसे तिकडून थेट आईच्या किंवा वडिलांच्या साध्या खात्यात पाठवायचे. मुलाकडून आईवडिलांना आलेल्या पैशावर त्यांना कर लागत नाही. तो पैसा त्यांचा होतो, त्यांच्या कार्डाने निघतो, कुणाच्या ओटीपीची वाट पाहावी लागत नाही. बचत तेवढी आपल्या एनआरईत ठेवायची. आईला एटीएम वापरता येत नसेल तर निघण्याआधी दोन-तीन वेळा तिला बरोबर नेऊन पैसे काढायला लावा. पिन पासबुकावर लिहून ठेवू नका. माझ्या आईने तो चार नातवंडांच्या वाढदिवसांवरून पाठ केला.

याशिवाय अडीनडीला आपल्या खात्यातूनही पैसे निघावेत म्हणून दोन सोयी आहेत. एक, एनआरई किंवा एनआरओ खात्यात जवळच्या निवासी नातेवाइकाचं नाव 'पहिला किंवा हयात राहील तो' या अटीवर जोडणं. पण तुम्ही हयात असेपर्यंत ते नातेवाईक एनआरई खातं स्वतःच्या हक्काने चालवू शकत नाहीत. म्हणून दुसरी सोय लागतेच: बँकेच्या नमुन्यातलं अधिकारपत्र किंवा मुखत्यारपत्र. त्यावर तुमचा माणूस दवाखान्याचं बिल, हप्ता, घरपट्टी असे इथले खर्च भागवू शकतो. तुमच्या खात्यातून कुणाला भेट म्हणून पैसे द्यायचा किंवा तुमच्या नावाने नवं एनआरई खातं काढायचा अधिकार त्याला मिळत नाही. अधिकारपत्र द्यायचं तर शाखेत त्याला बरोबर घेऊन जा, त्याची सही समोर घ्यायला लावा. आणि घरी सगळ्यांसमोर सांगा की हा अधिकार याला का दिला. दोन भावांत नंतर होणारं बोलणं तिथेच मिटतं.

सातबाऱ्यावर नाव असेल तर

शेतकऱ्याच्या पोराची आणखी काही कामं असतात. पीककर्ज तुमच्या नावावर असेल तर ते दरवर्षी वेळेत भरून नवं-जुनं करावं लागतं. तुम्ही नसताना ते कोण करणार, बँकेला कोणता मुखत्यार चालतो, हे सोसायटीत आणि बँकेत दोन्हीकडे विचारून ठेवा. नवं-जुनं चुकलं तर व्याजसवलत जाते. कर्ज थकीत दिसलं तर पुढे घरकर्जालाही अडचण येते.

पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये तुमच्या नावावर येत असतील तर अनिवासी झाल्यावर तुम्ही त्या योजनेत बसत नाही. ते स्वतःहून बंद करा, नाहीतर पुढे वसुली निघू शकते.

आणि एक गोष्ट मनात धरून ठेवा. आपल्याकडे बाहेर कमावायला गेलेल्या प्रत्येकाचं एक स्वप्न असतं, बांधाला लागून असलेलं वावर विकत घ्यायचं. अनिवासी असताना शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची ठेवता येते, वारसाहक्काने आलेलीही ठेवता येते. वडिलांनी स्वतःसाठी घेतली तर ती खरोखर त्यांचीच राहिली पाहिजे. कागदावर वडिलांची आणि मनात आपली, असा व्यवहार बेनामी कायद्यात अडकू शकतो. पैसा एनआरईच्या ठेवीत ठेवा, परत आल्यावर वावर घ्या.

पीपीएफचं जुनं खातं मुदत संपेपर्यंत चालवता येतं, नवं काढता येत नाही. मुलीचं सुकन्या खातं असेल आणि ती तुमच्याबरोबर अनिवासी होणार असेल तर ते बंद करावं लागतं. म्युच्युअल फंड आणि डीमॅटमध्येही अनिवासी म्हणून नोंद बदलावी लागते.

सिम जिवंत ठेवा

बँकेला दिलेला नंबर हीच आता तुमची सही आहे. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करा आणि तिकडे एसएमएस येतो का ते पहिल्या दिवशीच पाहा. वर्षभराचं रिचार्ज करून निघा. महिनेमहिने न वापरलेला नंबर कंपनी काढून दुसऱ्याला देऊ शकते, मग तुमचा ओटीपी अनोळखी माणसाच्या हातात. अनेक बँका अनिवासी खात्याला परदेशी नंबर जोडू देतात. तसं असेल तर तो जोडाच. २०२३ पासून ओमान, अमिराती, सौदी, कतार, सिंगापूर, अमेरिका, ब्रिटन अशा काही देशांच्या नंबरवरून एनआरई-एनआरओ खात्याचं यूपीआयही चालतं. मस्कतच्या खोलीत बसून मी रावेरच्या किराणा दुकानाची उधारी भरली आहे.

दोन वर्षं खातेदाराने एकही व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. म्हणून महिन्या-दोन महिन्यांत शंभर रुपयांचा का होईना, व्यवहार करत राहा.

बरोबर किती न्यायचं?

पहिला पगार हातात पडायला महिना-दीड महिना जातो. तेवढं खाणं, भाडं, बसभाडं जवळ हवं. बहुतेक देशांसाठी रोख परकीय नोटा ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात. बाकी फॉरेक्स कार्डावर न्या. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंत. चलन अधिकृत ठिकाणाहूनच घ्या आणि पावती जपा.

जर्मनीला शिकायला जाणाऱ्याचं गणित वेगळं. तिथे व्हिसाआधी 'ब्लॉक्ड अकाउंट', म्हणजे ठरलेली रक्कमच काढू देणारं खातं, उघडून वर्षभराच्या खर्चाची रक्कम भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरोच निघतात. भारतातून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण १० लाख रुपयांच्या वर गेलं की बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, धरते. मान्य संस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर तो लागत नाही. घरात पैसे असूनही म्हणून काही जण शुल्काचा भाग कर्जातून भरतात. कापलेला टीसीएस विवरणपत्रात परत मागता येतो, हे वडिलांना सांगून ठेवा.

तिकडे पोचल्यावर

आखातात निवासी ओळखपत्र मिळेपर्यंत बँक सहसा दारात उभं करत नाही. अमिरातीत ते एमिरेट्स आयडी, सौदीत इकामा. कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कागदांचं काम पाहणारा माणूस, ते काढून देतो आणि बहुतेक वेळा पगार खातंही कंपनीच सांगते. कंपनी फक्त पगाराचं कार्ड देत असेल तर त्यावर समाधान मानू नका. शक्य असेल तर पूर्ण खातं काढा, कारण कार्डावरून भारतात पैसे पाठवणं अवघड जातं. खातं काढताना तीनच प्रश्न विचारा: किमान शिल्लक किती, पगार थांबला तर शुल्क किती, आणि भारतात पैसे पाठवायला दर कसा? क्रेडिट कार्ड गळ्यात घालायला माणूस येईल. पहिलं वर्ष तरी नको म्हणा.

जर्मनीत आधी पत्त्याची नोंदणी, मग चालू खातं. ब्रिटनमध्ये पत्त्याचा पुरावा मागतात, तो विद्यापीठाच्या किंवा कंपनीच्या पत्राने भागतो.

भारतात पैसे पाठवताना आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, विचारला तर गोंधळू नका. भारतीय खात्याला आयबॅन नसतो. खाते क्रमांक, ११ अक्षरांचा आयएफएससी आणि बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. पहिल्यांदा छोटी रक्कम पाठवा, ती पोचली की मोठी. 'शुल्क शून्य' या पाटीला भुलू नका, दर पाहा. दिरहमामागे २० पैसे कमी दिले तर २,००० दिरहमांवर ४०० रुपये गेले. एक्स्चेंज हाउस आणि बँक, दोघांचे दर त्याच दिवशी पडताळा.

हुंडीने, म्हणजे बँकेबाहेरच्या बेकायदा वाटेने, दर जास्त मिळतो असं सांगणारा कुणीतरी खोलीवर भेटतोच. त्या वाटेला जाऊ नका. फेमात रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे. शिवाय तो पैसा खात्यात आल्याचा कागद नसतो, मग त्यातून घेतलेल्या घराचा हिशेब कुणाला कसा दाखवणार?

परतीच्या वेळी

निघायच्या दोन महिने आधी तिकडचं कर्ज आणि कार्ड फेडा, बाकी नसल्याचं पत्र घ्या. खातं मात्र लगेच बंद करू नका. शेवटचा हिशेब आणि सेवा समाप्तीची रक्कम त्याच खात्यात येते. ती आली, एनआरईत पोचली, की मग बंद करा.

गावी आल्यावर बँकेला लगेच कळवा. एनआरई आणि एनआरओ दोन्ही साध्या निवासी खात्यात बदलतात आणि एनआरईच्या व्याजाची करमाफी तिथे संपते. एफसीएनआर ठेव मुदतीपर्यंत तशीच चालते. परकीय चलन परकीयच ठेवायचं असेल तर आरएफसी खातं काढता येतं. तिकडचं एखादं खातं चालू ठेवलं असेल तर तेही ठेवता येतं, पण आयकरात पूर्ण निवासी झालात की विवरणपत्रात ते दाखवावंच लागतं, शिल्लक शून्य असली तरी.